ऐनवेळचा विषय

नाल्यांचा गाळ झाला, पथदीप झाले,
माकडांनी नासलेल्या नारळांची भरपाई
नेहमीसारखी पुढच्या सभेवर गेली.
मग सिप्रियान उठला, हातात वहीचा फाडलेला कागद.
"ठराव असा," तो म्हणाला,
"की गोव्याने देशातून बाहेर पडावं."

पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू आला.

"कायमचं नव्हे. कायदा बदलेपर्यंत.
एका चिन्हावर निवडून येतात
आणि गुलाल धुवायच्या आत दुसऱ्याच्या अंगणात उभे.
अर्ज केले, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.
आता बाई रुसून माहेरी जाते तसं जायचं.
न्यायला येतील तेव्हा अटी सांगायच्या."

"आणि न्यायला आलेच नाहीत तर?"
मागच्या बाकावरून कुणीतरी.
"आले, पण बंदुका घेऊन आले तर?"
सरपंच घड्याळाकडे बघत होते.

मी सचिव. रायबंदरहून येते, लिहिते, जाते.
सूचक : सिप्रियान मोंतेरो.
अनुमोदक :
इथे पेन थांबलं.
पंचायतीच्या अधिकारात काय बसतं ते मला पाठ आहे,
विहीर, गटार, घर क्रमांक, भंगाराचा परवाना.
देश त्यात नाही.
पण बोललं गेलं ते लिहावं लागतं.

आणि फुटून जाणं चोडणात काय नवीन?
यंदा सात घरांची घरपट्टी कुणी भरली नाही.
लिस्बनला जन्माची नोंद करून
एकेक जण स्विंडनच्या गोदामात खोकी मोजतोय.
एकेकट्याचं राज्य, बिनठरावाचं.
त्यांच्या जाण्याने इथलं एक कलमसुद्धा हललं नाही.

तेव्हा पेर्पेतीन उठली. ब्याऐंशीची,
एक हात बाकावर, एक कंबरेवर.

"माझ्या सासऱ्याने बांध फोडलेला.
मानशीचं दार कुजलं होतं,
भाटकार ऐकेना, समिती बसेना.
पुनवेच्या भरतीला कुदळ घेऊन गेला
आणि नदी आत घेतली.
सकाळी भातात खेकडे चालत होते.

आठ दिवसांत समिती बसली.
महिन्यात नवं दार आलं, माट्टीच्या लाकडाचं.
अजून तेच आहे, जा, हात लावून बघ.

तीन पावसाळे मीठ निघालं नाही.
कोरगुटसुद्धा रुजला नाही, आणि तो तर खाऱ्यातच वाढलेला.
शेजारचं शेत बाबलो च्यारीचं.
त्याला कुणी विचारलं नव्हतं, फोडायचं का म्हणून.
म्हैस विकली, बोटीवर गेला,
मग पत्रंही यायची थांबली."

सिप्रियानने कागदाची घडी केली, उघडली.
"म्हणजे बरं केलं की वाईट?"

"साठ वर्षं त्या दारावरून जाते, पुता.
तुला कळलं तर मला सांग."
आणि ती बसली, पदराने मान पुसत,
जणू पथदीपांविषयीच बोलून झालं होतं.

कुणी हात वर केला नाही.
विरोधातही नाही.
चहा आला. बिस्किटं कमी पडली.

सातच्या फेरीवर तोच होता,
खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, हातात दोर.
नदी परिवहन खात्यात अकरा वर्षं
या बेटाला पलीकडच्या किनाऱ्याशी बांधायचा
पगार घेतो तो.

"लिहिलंस?"
"लिहिलं."
"अनुमोदक?"
"जागा सोडलीय."

त्याने खुंटावरचा पीळ सोडला,
दोर ओला होता, जड, खुंट्यात घासून गुळगुळीत झालेला.
मोटारसायकली एकमेकींना टेकून थरथरत होत्या.
मधोमध भरतीचा जोर लागला
तेव्हा वळून तो मला काहीतरी म्हणाला.
इंजिनात ऐकू आलं नाही.
मी मान हलवली, हो म्हणून.
अजून त्याच एका होकारात अडकून आहे.